पेशी हिरव्या दिसल्या, पण औषध पोचलं का?

प्रश्न असा आहे. एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने बोवाइन सीरम अल्ब्युमिनचे (गाईच्या रक्तातल्या प्रोटीनचे) नॅनोकण केले, त्यांत डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध भरलं, ग्लुटारल्डिहाइड या जोडणाऱ्या रसायनाने कण घट्ट केले, कणांना एफआयटीसीचा हिरवा रंग जोडला आणि ते एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर टाकले. चार तासांनी मायक्रोस्कोपखाली पेशी हिरव्यागार. एमटीटीत, म्हणजे पेशी किती जगल्या ते मोजणाऱ्या चाचणीत, मात्र मोकळं डॉक्सोरुबिसिन तिच्या कणांपेक्षा कितीतरी पट प्रभावी निघालं. गाइडचं म्हणणं, कणांवर टॅट पेप्टाइड (पेशीत शिरणारा प्रोटीनचा छोटा तुकडा) बसव, म्हणजे औषध आत जास्त जाईल. हातात सहा महिने आहेत. ती विचारते: बसवू का?

नको, निदान आत्ताच नको. अल्ब्युमिन आणि इतर प्रोटीनच्या वाहकांवर मी वीसेक वर्षं काम करते आहे आणि हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे घेऊन येतं. दर वेळी मी एकच उलट प्रश्न विचारते: औषध नेमकं कुठे अडलंय? ते कळल्याशिवाय पेप्टाइड बसवणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता अँटिबायोटिक सुरू करणं.

आता थेट तुमच्याशीच बोलते. आधी त्या हिरव्या रंगाबद्दल. तुम्ही पाहिलात तो रंग कणाचा आहे, औषधाचा नाही. शिवाय तो पूर्णपणे कणाचा तरी आहे का, हेही बघायला हवं. एफआयटीसीचा न जोडला गेलेला भाग नीट काढला नसेल तर तो मोकळा रंग पेशींना चिकटतो. डायलिसिस केलं असेल तर बाहेरचं पाणी शेवटी रंगहीन होतं का ते पाहिलंत का? सेफाडेक्स जी-२५च्या कॉलममधून काढलंत तर आणखी बरं. दुसरं, तुम्ही कण ग्लुटारल्डिहाइडने घट्ट केलेत. ग्लुटारल्डिहाइड लावलेलं प्रोटीन स्वतःच थोडं हिरवं चमकतं. म्हणून रंग न जोडलेले कण टाकलेली एक विहीर (पेशी वाढवायचा खळगा) प्लेटमध्ये असायलाच हवी. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी: एफआयटीसी आम्लात मंदावतो. पेशीच्या आत आम्लाच्या पिशवीत गेलेला कण फिका दिसतो आणि बाहेर आवरणाला नुसता चिकटून बसलेला कण झगझगीत दिसतो. म्हणजे सर्वांत सुंदर फोटो कधीकधी आत न गेलेल्या कणांचा असतो. ट्रिपॅन ब्लू टाकून बघा. ते निरोगी पेशीत शिरत नाही, बाहेरचा हिरवा रंग तेवढा विझवतं. उरेल तो आतला. एक प्लेट ४ अंशांवर ठेवा. थंडीत पेशीचं गिळणं थांबतं. तिथेही हिरवं दिसलं, तर ते चिकटलेलं आहे.

आता समजा हे सगळं करून कण खरंच आत गेले आहेत असं ठरलं. तरी ‘पेशीत’ म्हणजे कुठे? पेशी प्रोटीनसाठी दार उघडत नाही. ती आपल्या आवरणाचा तुकडा आत ओढते, त्याची पिशवी करते आणि त्या पिशवीत माल घेते. या पिशवीला एन्डोसोम म्हणतात. जेवणाचा घास गिळला, पोटात गेला, तरी आतड्याची भिंत ओलांडून रक्तात येईपर्यंत तो अंगी लागत नाही. पेशीचंही तसंच. एन्डोसोमच्या आतला माल अजून पेशीच्या रसात उतरलेला नसतो, मधे पटल असतंच. पुढे ही पिशवी आंबट होत जाते. बाहेर पीएच ७.४, मग सहाच्या आसपास, मग साडेपाच आणि शेवटी लायसोसोम नावाच्या पचनाच्या पिशवीत साडेचार ते पाच. तिथे प्रोटीन तोडणारी विकरं (एन्झाइम) वाटच पाहत असतात. अल्ब्युमिनचा कण तिथे पचतो. प्रश्न एवढाच उरतो की तो पचल्यावर आतलं औषध त्या भिंतीतून बाहेर पडू शकतं का.

याचं उत्तर औषधागणिक बदलतं आणि संपूर्ण विषयाची गोम इथेच आहे. पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगाच्या दुसऱ्या औषधासारखा लहान, तेलात रमणारा रेणू पटलातून सहज पाझरतो. त्याला कुणाच्या मदतीची गरज नाही. डॉक्सोरुबिसिनही लहान आहे, रेणुभार ५४३, पण ते अल्कधर्मी आहे. आंबट पिशवीत गेलं की त्यावर धनभार येतो आणि मग पटल ओलांडणं अवघड होतं, ते तिथेच अडकून राहू शकतं. एसआयआरएनए (जनुकाचं काम बंद पाडणारा आरएनएचा तुकडा) किंवा एखादं मोठं विकर असेल तर त्याला पिशवी फुटल्याशिवाय सुटकाच नाही. चरबीच्या नॅनोकणांतून दिलेल्या एसआयआरएनएचा २०१३ साली हिशेब केला गेला, तेव्हा आत गेलेल्यापैकी जेमतेम १ ते २ टक्के पेशीरसात उतरतं असं आढळलं. बाकीचं सगळं पिशवीतच. तेव्हा ‘आत जास्त जाईल’ हे गाइडचं वाक्य बरोबर ठरलं तरी त्याने काम होईलच असं नाही.

तुमच्या एमटीटीबद्दल एक दिलासा देते. तुमचे कण हरले हे वाईट नाही, ते अपेक्षितच होतं. प्लेटमध्ये यकृत नाही, मूत्रपिंड नाही, रक्त वाहत नाही. मोकळं डॉक्सोरुबिसिन थेट पेशीवर ओतलेलं आहे आणि ते पटलातून स्वतःच आत शिरतं. कणाला आधी गिळलं जावं लागतं, मग पचावं लागतं, मग औषध सुटतं. या शर्यतीत मोकळं औषध जवळजवळ नेहमी पुढेच असणार. वाहकाचा फायदा शरीरात दिसतो: औषध कुठे जातं, कुठे जात नाही, किती वेळ टिकतं, रुग्णाला किती डोस झेपतो. डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत हृदयाला होणारी इजा हा खरा प्रश्न आहे आणि तो ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये मोजता येत नाही. कित्येक प्रबंधांत कणांचा आयसी-५० (निम्मा परिणाम साधायला लागणारी मात्रा) मोकळ्या औषधापेक्षा कमी दाखवण्याचा आटापिटा असतो. मला तो बघवत नाही, कारण त्यापायी मुलांची वर्षं जातात.

पण ‘अपेक्षित’ म्हणून सोडूनही देऊ नका. इतका मोठा फरक असेल तर मला पहिला संशय ग्लुटारल्डिहाइडचा येतो. डॉक्सोरुबिसिनच्या साखरेवर एक अमाइन गट आहे. अल्ब्युमिनमधल्या लायसिन या अमिनो आम्लावरही अमाइनच असतो. ग्लुटारल्डिहाइडला दोघांतला फरक कळत नाही. तुम्ही औषध आधी मिसळून, इथेनॉल थेंबथेंब टाकून कण पाडलेत आणि मग ८ टक्क्यांचं ग्लुटारल्डिहाइड घालून रात्रभर ढवळत ठेवलंत. त्या रात्री औषधाचा काही भाग प्रोटीनला कायमचा शिवला गेला असण्याची दाट शक्यता आहे. लोडिंग काढताना तुम्ही वरच्या द्रवात उरलेलं औषध मोजून बाकीचं ‘कणांत’ धरलं असणार, सगळेच तसं करतात. त्या पद्धतीत शिवलं गेलेलं औषधही भरलेलं म्हणूनच मोजलं जातं. खात्री करायची असेल तर ठरावीक वजनाचे कण घ्या, प्रोनेजसारख्या प्रोटीन तोडणाऱ्या विकराने पूर्ण पचवा आणि सुटलेलं डॉक्सोरुबिसिन एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. जेवढं घातलं होतं त्याच्या निम्मंच परत आलं, तर उरलेलं निम्मं औषध राहिलेलंच नाही. मग टॅट लावा नाहीतर आणखी काही लावा, ते जागं होणार नाही.

हे निघालं तर उपाय साधा आहे. कण आधी रिकामे करा, ऊब देऊन घट्ट करा किंवा ग्लुटारल्डिहाइड अगदी कमी वापरून नंतर ग्लायसिनने उरलेलं मारून टाका, स्वच्छ धुवा आणि औषध शेवटी शोषवा. लोडिंग कमी येईल. येऊ दे.

आता टॅटबद्दल, कारण गाइडना तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. १९८८ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की एचआयव्हीचं टॅट नावाचं प्रोटीन बाहेरून टाकलं तरी पेशीत शिरतं. पुढे कळलं की त्यातला अकरा अमिनो आम्लांचा एक तुकडा या कामाला पुरतो. त्या अकरांत सहा आर्जिनिन आणि दोन लायसिन, म्हणजे आठ धनभार. १९९९ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला, टॅट जोडलेलं बीटा-गॅलॅक्टोसिडेजसारखं अवजड विकर निरनिराळ्या अवयवांत, अगदी मेंदूतही पोचल्याचं छापून आलं, आणि सगळं जग या पेप्टाइडच्या मागे लागलं. मग २००३ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने अतिशय प्रामाणिक काम केलं. त्यांनी दाखवलं की पेशी फॉर्माल्डिहाइड किंवा मिथेनॉलने स्थिर केल्या की त्या प्रक्रियेतच आवरणाला आणि पिशव्यांना चिकटलेलं पेप्टाइड सुटतं आणि केंद्रकात जाऊन बसतं. आधीच्या कित्येक फोटोंतली चमकणारी केंद्रकं ही मेलेल्या पेशींची करामत होती.

हे मी वाचलं होतं, तरीही फसले. आमच्याकडे अल्ब्युमिनला असंच एक पेप्टाइड जोडलं होतं. थंड मिथेनॉलमध्ये दहा मिनिटं, धुणं, कव्हरस्लिप उलटी घालून कडेला नेलपॉलिश. अंधाऱ्या खोलीत फोकस लावला आणि केंद्रकं अशी काही उजळली की आम्ही तिघींनी आळीपाळीने डोळा लावून पाहिलं. दोन आठवडे आम्ही त्या फोटोवर जगलो. मग एका सहकाऱ्याच्या आग्रहाखातर तोच प्रयोग जिवंत पेशींवर केला, स्थिर न करता. केंद्रकं काळी. त्यांच्या भोवती हिरवे ठिपके, मोहरीच्या दाण्यांसारखे, हळूहळू सरकणारे. ते ठिपके लायसोसोम रंगवणाऱ्या लायसोट्रॅकरच्या लाल ठिपक्यांवर तंतोतंत बसले. पेप्टाइडने प्रोटीन आत जास्त नेलं होतं, हे खरंच. पण नेलं होतं ते लायसोसोममध्ये. जे आम्ही पेप्टाइड न लावताही करतच होतो.

शरीरात तर आणखी अडचण. आठ धनभारांचं पेप्टाइड कर्करोगाची पेशी ओळखत नाही. प्रत्येक पेशीच्या अंगावर ऋणभाराच्या साखरा असतात, ते त्यांना चिकटतं. रक्तातल्या प्रोटीनला चिकटतं. यकृतात जाऊन बसतं. अल्ब्युमिनचा जो सगळ्यात मोठा गुण, रक्तात गुपचूप फिरत राहणं, तोच आपण घालवून बसतो.

तो गुण किती मोठा आहे बघा. ५८५ अमिनो आम्लांचं हे प्रोटीन रक्तात लिटरला ३५ ते ५० ग्रॅम असतं आणि त्याचं अर्धायुष्य जवळजवळ तीन आठवडे. एवढं टिकतं कारण पेशी त्याला गिळते तेव्हा आंबट पिशवीत एफसीआरएन नावाचा ग्राही त्याला धरतो आणि लायसोसोमकडे जाऊ न देता पुन्हा रक्तात सोडतो. मधुमेहातल्या सेमाग्लुटाइडला चरबीचं शेपूट लावलंय ते याच अल्ब्युमिनला बिलगण्यासाठी, म्हणून ते आठवड्यातून एकदा टोचलं तरी पुरतं.

आणि प्रोटीनच्या वाहकाचं सगळ्यात यशस्वी उदाहरणही अल्ब्युमिनचंच आहे, ते जरा तपशिलात सांगते, कारण त्यातून तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळतं. पॅक्लिटॅक्सेल १९९२ साली अमेरिकेत मंजूर झालं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या क्रेमोफोरमध्ये आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून द्यायचे. त्या क्रेमोफोरने काही रुग्णांना जोरदार ॲलर्जी यायची, म्हणून आधी स्टेरॉइड, मग तीन तास सलाइन, तेही साध्या पीव्हीसीच्या नळीतून नाही, कारण क्रेमोफोर नळीतलं रसायन ओढून घेतो. २००५ मध्ये ॲब्रॅक्सेन आलं. पॅक्लिटॅक्सेल आणि मानवी अल्ब्युमिन प्रचंड दाबाखाली एकत्र घुसळून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण. एका कुपीत १०० मिलिग्रॅम औषध आणि ९०० मिलिग्रॅमच्या आसपास अल्ब्युमिन. ग्लुटारल्डिहाइडचा पत्ता नाही. वॉर्डात नर्स त्यात २० मिलिलिटर सलाइन सोडते ते कुपीच्या भिंतीवरून, सावकाश, निदान एक मिनिट घेऊन, कारण थेट ओतलं की प्रोटीन फेसाळतं. मग पाच मिनिटं तसंच भिजू द्यायचं आणि हलक्या हाताने फिरवायचं. दुधासारखं पांढरं द्रावण होतं.

क्रेमोफोर गेल्यामुळे डोस शरीराच्या दर चौरस मीटरला १७५ वरून २६० मिलिग्रॅमवर नेता आला आणि तीन तासांऐवजी अर्ध्या तासात देता आला. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात गाठ आटण्याचं प्रमाण १९ टक्क्यांवरून ३३ वर गेलं. हातापायांची तीव्र बधिरता मात्र २ टक्क्यांवरून १० वर गेली, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते सांगायला हवं. पुढे २०१३ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगात जेमसायटाबिनच्या जोडीला दिल्यावर रुग्णांचं मध्यक आयुष्य ६.७ वरून ८.५ महिन्यांवर आलं.

सुरुवातीला याचं कारण असं सांगत की गाठीत स्पार्क नावाचं प्रोटीन असतं, ते अल्ब्युमिनला ओढून घेतं. ऐकायला फार छान. पण उंदरांत स्पार्क काढून टाकलं तरी औषध तसंच काम करत राहिलं, आणि स्वादुपिंडाच्या त्या मोठ्या चाचणीतल्या रुग्णांमध्येही स्पार्कचं प्रमाण आणि आयुष्य यांचा संबंध दिसला नाही. रक्तात गेल्यावर ते १३० नॅनोमीटरचे कण लवकरच विरघळतात. उरतं ते अल्ब्युमिनच्या एकेका रेणूला सैलसर धरून असलेलं पॅक्लिटॅक्सेल. गाठीजवळ ते सुटतं आणि पेशीत स्वतःच शिरतं. अल्ब्युमिनने त्याला पेशीत नेलं म्हणून नव्हे, एका त्रासदायक विद्रावकाची जागा घेतली आणि औषध सैल हाताने धरलं म्हणून ते चाललं. तुमच्या कणांनी औषध घट्ट धरलंय.

खरोखर पेशीच्या आत नेणारं प्रोटीन हवं असेल तर अँटिबॉडीला जोडलेली औषधं पाहा. तिथे लायसोसोम हा अडथळा नाही, तोच मुक्काम आहे. २०१३ मध्ये मंजूर झालेल्या कॅडसायलामध्ये कर्करोगाच्या काही पेशींवरचं हर-२ प्रोटीन ओळखणारी अँटिबॉडी लायसोसोममध्ये पचते, तेव्हाच विष सुटतं. २०१९ मध्ये आलेल्या एनहर्टूमध्ये जोडणीच अशी आहे की लायसोसोमची विकरं ती कापतात, आणि सुटलेला रेणू पटलातून पाझरून शेजारच्या पेशीलाही मारतो. अडकणार हे धरूनच औषध निवडलेलं आहे.

आणि पिशवी फोडायची विद्या शिकायची असेल तर गुरू निसर्गातच आहे. घटसर्पाचं विष पिशवी आंबट झाली की आपला एक भाग उलगडतं, तो पटलात खुपसतं आणि विषारी तुकडा पलीकडे सरकवतं. असा एक रेणू जरी पेशीरसात उतरला तरी पेशी मरते, हे १९७८ सालीच दाखवलं गेलं. १९९९ मध्ये याच विषाला टी-पेशींना चिकटणारं इंटरल्यूकिन-२ जोडून त्वचेतल्या टी-पेशींच्या लिंफोमावर औषध मंजूर झालं, आणि त्याचं सुधारलेलं रूप २०२४ मध्ये. अडचण एवढीच की आपण सगळ्यांनी लहानपणी त्रिगुणी लस घेतलेली असते, त्यामुळे पुष्कळांच्या रक्तात या विषाविरुद्धच्या अँटिबॉडी तयारच असतात.

तुमच्या सहा महिन्यांकडे येते. पहिला महिना कणांची घडी नीट बसवण्यात घालवा: पचवून औषधाचा हिशेब, ग्लुटारल्डिहाइडशिवायचे कण, पीएच ७.४ आणि ५ ला, विकरासह आणि विकराशिवाय औषध किती सुटतं. मग पेशी. डॉक्सोरुबिसिन स्वतः लाल चमकतं, तेव्हा त्याच्यामागे जा, हिरव्यामागे नको. डीएनएत बसल्यावर त्याची चमक मंदावते हे मात्र ध्यानात ठेवा आणि केंद्रकं वेगळी काढून एचपीएलसीनेही मोजा. पेशी वाढवायच्या मिडियममधल्या सीरमचाही विचार करा. १० टक्के एफबीएस (गर्भातल्या वासराचं सीरम) म्हणजे तुमच्या कणांशी स्पर्धा करणारं भरपूर बोवाइन अल्ब्युमिन आधीच विहिरीत आहे.

आणि पेशी बदला. यावर मी जोर देईन. २०१३ मध्ये दिसून आलं की रॅस जनुक बिघडलेल्या पेशी बाहेरचं द्रव घोटाघोटाने पितात आणि त्यातलं अल्ब्युमिन पचवून त्याच्या अमिनो आम्लांवर जगतात. एमसीएफ-७मध्ये रॅस बिघडलेलं नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या मिया पाका-२ पेशींमध्ये आहे. बीएक्सपीसी-३ स्वादुपिंडाचीच, पण तिच्यात केरॅस (रॅसचाच एक प्रकार) शाबूत. या दोन पेशी शेजारी शेजारी ठेवून तेच कण द्या, एका जोडीत घोट घेणं थांबवणारं ईआयपीए टाका. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय केंद्राच्या पेशीसंग्रहात आधी चौकशी करा, मागणीनंतर पेशी हातात पडायला वेळ लागतो, म्हणून चौकशीचं पत्र याच आठवड्यात जाऊ द्या. जी पेशी अल्ब्युमिन आपणहून पिते तिला टॅटची गरज आहे का, हा प्रश्न मग गाइडसमोर आकड्यांसह ठेवता येईल.

शक्य झालं तर कन्फोकल मायक्रोस्कोपची वेळ घेताना पेशी जिवंतच न्या, तापमान ३७ अंशांवर ठेवणारा स्टेज आहे का ते फोनवर विचारून घ्या, आणि लायसोट्रॅकरसाठी दूरच्या लाल रंगाचा प्रकार मागवा. नेहमीचा लाल घेतलात तर तो डॉक्सोरुबिसिनच्या रंगात मिसळेल आणि कोण कुठे आहे ते पुन्हा कळणार नाही.